चाहूल हरवलेलं गाव

एक कल्पना करून बघू या. तुम्ही खोलीत एकटे गणितं सोडवत बसला आहात. पाठ दाराकडे आहे. डोक्यावर पंखा फिरतोय, भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतंय, स्वयंपाकघरात कुकर शिट्टी देऊन गप्प झालाय. कुणी हाक मारली नाही, कुणी दार वाजवलं नाही, तरी तुमची मान आपोआप वळते. दारात कुणीतरी उभं असतं.

कसं कळलं तुम्हाला? पावलं वाजली म्हणाल. पण खरंच ऐकली होती का? कदाचित दारातली सैल फरशी किंचित हलली असेल. दारात माणूस उभं राहिल्यामुळे बाहेरून येणारा रस्त्याचा आवाज थोडा अडला असेल. यातलं काहीच तुम्ही मुद्दाम ऐकलं नव्हतं. या बारीकसारीक गोष्टींनी मिळून तुम्हाला आतून हलवलं, एवढंच. याला मराठीत चाहूल म्हणतात. चाहूल ऐकली असं आपण सहसा म्हणत नाही. ती लागते, जशी तहान लागते, तशी आपोआप.

आता दुसरी कल्पना करा. तुमची मान वळलीच नाही. दारातलं माणूस आत आलं, तुमच्या खुर्चीमागे उभं राहिलं, वाकून तुमच्या वहीत बघू लागलं, आणि तुम्हाला पत्ताच नाही. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मागे आई असेल तर ठीक आहे. पण आई नसेल तर?

समजा, आजपासून चौदा-पंधरा वर्षांनंतरचा काळ आहे, आणि धामणवाडीत असंच झालं. जुन्नर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव. चारी बाजूंनी ऊस, मधून एक ओढा, आणि डोक्यावरून जाणारा आठ पदरी महामार्ग. महामार्ग झाल्यापासून रात्रंदिवस ट्रकांची घरघर सुरू असायची. शाळेतल्या मुलांचे कान तपासले तेव्हा निम्म्या मुलांना कमी ऐकू येतंय असं निघालं. मग एक योजना आली, आणि तिच्यातून गावातल्या प्रत्येकाला कर्णिका मिळाली.

कर्णिका म्हणजे शेंगदाण्याएवढं यंत्र. दोन्ही कानांत एकेक बसवायचं. ते करायचं काय, हे समजायला अवघड नाही. घड्याळाची टिकटिक थोड्या वेळानं आपल्याला ऐकू येईनाशी होते ना? कारण आपला मेंदू पुढची टिकटिक कधी येणार हे आधीच ओळखतो आणि तिच्याकडे लक्ष देणं सोडतो. कर्णिका हेच करायची, फक्त फार चोख. पुढच्या क्षणी कोणता आवाज येणार याचा ती अंदाज बांधायची. अंदाज खरा ठरला की तो आवाज वजा करून टाकायची. ट्रकांची घरघर गेली. पंपाची धडधड गेली. पानांची सळसळ गेली, रातकिडे गेले. उरला फक्त माणसाचा आवाज, तोही धुऊन-पुसून स्वच्छ केलेला.

पण मेंदू आणि कर्णिका यांच्यात एक मोठा फरक होता. मेंदू टिकटिक सोडून देतो, तरी घड्याळ बंद पडलं की दचकतो. 'अरे, काहीतरी थांबलं,' हे त्याला कळतं. म्हणजे तो आतल्या आत ऐकतच असतो. कर्णिकेनं टिकटिक कानात जाऊच दिली नाही, तर ती थांबल्याचं कळणार कसं?

हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही, कारण गाव खूश होतं. कर्णिका एकमेकींशी जोडलेल्या होत्या. कुणाचं नाव घेतलं की त्याच्या कानाशी तार जुळायची. पूर्वी या शेतातून त्या शेतात लोक बेंबीच्या देठापासून हाका मारायचे, आता अर्ध्या मैलावरच्या माणसाशी कुजबुजत बोलायचे. शिवाय बिबट्यांची काळजी मिटली होती. डोंगरातल्या तीन बिबट्यांच्या गळ्यात पट्टे बांधले होते, उसाच्या कडेनं टेहळणीचे खांब उभे होते. पट्ट्याचा बिबट्या जवळ आला की कर्णिका हलक्या आवाजात सांगायची, 'बिबट्या. चारशे मीटर. ओढ्याची बाजू.' लोक घरात जाऊन दार लावायचे.

हे खांब सांभाळण्याचं काम विलास डुंबरे करायचे. त्यांची मुलगी शरयू सहावीत होती. तिची ही गोष्ट.

सहावीला मराठी शिकवायला ढोमसे बाई होत्या. कर्णिकेनं त्यांच्या कानाला खाज सुटायची, म्हणून त्या ती घालत नसत. एका दुपारी त्यांनी फळ्यावर 'चाहूल' असा शब्द लिहिला.

"वाक्यात उपयोग करा. हं, प्रथमेश."

"बाई, मला फोनची चाहूल आली."

"फोन ठणाणा वाजतो रे. त्याची कसली चाहूल? सई, तू सांग."

"बाई, चाहूल म्हणजे नोटिफिकेशन. कुणी येण्याआधी सांगतात ते."

वर्ग हसला. बाईही हसल्या. "नोटिफिकेशन कुणीतरी पाठवतं, बाळा. चाहूल कुणी पाठवत नाही. बरं, कुणाला कधी लागलीये चाहूल? एकदा तरी?"

कुणीच हात वर केला नाही. बाईंचं हसू विरलं. त्या म्हणाल्या, "फळ्यावरचे दहा शब्द उतरवून घ्या. मी ऑफिसात जाऊन येते."

त्या पुढच्या दारानं बाहेर गेल्या. मुलं लिहू लागली. शरयू मागच्या बाकावर होती. तिनं सातवा शब्द लिहायला घेतला आणि तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात पडला.

शरयू किंचाळली. तिचं किंचाळणं ऐकून सगळा वर्ग किंचाळला. मागच्या दाराशी, तिच्या अगदी पाठीला लागून, ढोमसे बाई उभ्या होत्या.

"चार मिनिटं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "चार मिनिटं मी इथं उभी आहे. माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय, चालले की फटक-फटक वाजते. दोनदा खोकलेसुद्धा. तीस पोरांपैकी एकालाही कळलं नाही."

"बाई, खोकला कर्णिका काढून टाकते," प्रथमेश म्हणाला.

"हो ना. आणि तुम्ही मागं बघायचं सोडून दिलंत."

त्या दिवशीचा गृहपाठ विचित्र होता. रोज संध्याकाळी एक तास कर्णिका डबीत ठेवायची. घराच्या ओट्यावर, मोठ्या माणसांच्या नजरेसमोर बसायचं. काय जाणवलं ते वहीत लिहायचं.

शरयूनं पहिल्या दिवशी कर्णिका काढली आणि तिच्या अंगावर आवाजांची भिंत कोसळली. ट्रक, पंप, पानं, कावळे, शेजारच्या मोरीतलं पाणी, स्वतःचा श्वास. सगळं सारख्याच जोरानं, सगळं एकदम. पुस्तकाची सगळी पानं एकाच कागदावर छापावीत तसं. त्यात जवळचं काय, लांबचं काय, ते तिला कळेना. कानांवर हात दाबून ती रडली.

"हात प्लास्टरमध्ये दोन महिने राहिला तर काय होतं?" बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"बारीक होतो. पेलासुद्धा उचलत नाही."

"तसंच आहे. आवाज निवडायचं काम तुझा मेंदू करायचा. दोन वर्षं त्याला ते कुणी करूच दिलं नाही. तो लुळा पडलाय गं, पण हळूहळू हलवला की सुधारेल. ऐकायला बसू नकोस. एकेक आवाज सोडून द्यायला शीक. आधी ट्रक सोड."

बाकीच्या मुलांनी दोन दिवसांत गृहपाठ सोडला. काहींनी वहीत मनाचंच लिहून टाकलं. शरयूनं सोडला नाही, त्याचं कारण शहाणपण नव्हतं, भीती होती. तो खांद्यावर पडलेला हात तिच्या डोक्यातून जाईना. जेवताना, दात घासताना ती सारखी मागं वळून बघायची. आई एकदा स्वयंपाकघरातून येऊन तिच्या शेजारी बसली, तेव्हाही ती दचकून उडाली.

तिसऱ्या दिवशी तिला ट्रक सोडता आले. चौथ्या दिवशी पंप. पाचव्या दिवशी ओट्यासमोरच्या उसातले रातकिडे तिला वेगळे ऐकू आले. एका सुरात, दूरवर पसरलेले. तिला इतका आनंद झाला की तिनं वही उघडली.

आणि तेवढ्यात ते थांबले.

सगळीकडचे नव्हे. डावीकडे ओरडत होते, उजवीकडे ओरडत होते. मधे एका जागी मात्र चिडीचूप. थोड्या वेळानं तिथले पुन्हा सुरू झाले आणि शेजारचे थांबले. मग त्याच्या शेजारचे. शांततेचा एक तुकडा उसातून सावकाश चालत होता. पान हललं नाही, काडी मोडली नाही. ऊस बारा फूट उंच उभा होता, आणि त्याच्या आत ती शांतता चालत चालत त्यांच्या घराच्या बाजूला आली, थांबली, आणि थांबूनच राहिली.

 शरयूनं वही टाकली आणि घरात पळाली.

विलासरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन तिच्यासमोर धरला. पडद्यावर तीन हिरवे ठिपके होते. "हे बघ. तिन्ही पट्टे डोंगरापलीकडं आहेत."

"मग चौथा असेल, पप्पा."

"चौथा असता तर खांबानं पकडला असता. खांबाला अंगाची ऊब कळते."

"एवढ्या दाट पाल्यातून कळते?"

विलासरावांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "तुला काय माहीत त्यातलं? आणि हे काय, माझ्या फोनवर रोज संध्याकाळी दिसतंय, 'शरयू, संपर्क नाही.' लोक विचारतात मला. खांबवाल्याचीच पोरगी कर्णिका काढून बसते म्हणून."

"काढू दे की तासभर," आई म्हणाली. तिचं नाव मंदाकिनी. "शाळेचा गृहपाठ आहे तिचा."

"त्या ढोमसे बाईंना रिटायर व्हायला सहा महिने उरलेत, त्यांना काय जातंय घाबरवायला? उद्यापासून कर्णिका काढायची नाही. शपथ घे."

"पप्पा, शेजारच्या शिंगोट्यांचं कुत्रं ओरडत नाही चार दिवस. दिसतपण नाही."

"शपथ घे म्हटलं ना?"

शरयूनं शपथ घेतली. वडील वाईट नव्हते, मुलांनो. त्यांनी गावाला घरोघर फिरून पटवलं होतं की आता घाबरायचं कारण नाही. ती गोष्ट खोटी ठरली तर काय, हा विचारच त्यांना सोसणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. पावणेसहाच्या सुमारास सूर्य डोंगराआड गेला. शरयू चहाची किटली घेऊन शेतावर निघाली. उसाच्या कडेला घासाचा तुकडा होता, तिथं आई गाईसाठी घास कापत होती. वडील उसाच्या पलीकडच्या अंगाला, ओढ्याजवळच्या खांबाची काच पुसत होते.

बांधावर चढल्यावर शरयूला आई दिसली. पन्नासेक पावलांवर, कमरेत वाकलेली, उसाकडे पाठ. पाठ आणि ऊस यांच्यात आठ-दहा पावलांचं अंतर होतं.

"आई," ती पुटपुटली. तार जुळली.

"ये गं. दोन पेंढ्या राहिल्यात." आवाज कानाशी बोलल्यासारखा स्वच्छ.

त्या आवाजामागे काहीच नव्हतं. ना पान, ना किडा, ना विळ्याची खरखर. शरयू पुढे निघाली आणि थांबली. तिला शपथ आठवली. तिनं आईकडे पाहिलं, आईच्या मागच्या उसाकडे पाहिलं, आणि डाव्या कानातली कर्णिका काढून मुठीत धरली.

भिंत कोसळली. तिनं ट्रक सोडले. पंप सोडला. रातकिडे होते, खूप होते, पण नेमके कुठं आहेत आणि कुठं नाहीत हे एका कानानं नीट कळेना. डोकं इकडेतिकडे वळवून तिनं पुन्हा पुन्हा ऐकलं. आईच्या मागे ते नव्हते.

ती थांबली. आता सुरू होतील, आता होतील. झाले नाहीत. उसाचा एक शेंडा हलला. वारा पडलेला होता.

"आई, उभी राहा," ती कुजबुजली. "वाकू नको. सावकाश उभी राहा."

"का गं? किटली सांडलीस का काय?"

"शरयू," वडिलांचा आवाज आला. उजव्या कानातली तार त्यांनाही जुळली होती. "परत काढलीस ना तू? माझ्या फोनवर दिसतंय एक कान बंद."

"पप्पा, आईच्या मागं आहे ते."

"तिन्ही ठिपके हिरवे आहेत. खांब गप्प आहे. यंत्रावर काही नाही."

"यंत्राला नसलेलं कळत नाही, पप्पा! रातकिडे थांबलेत!"

"मी येतो तिकडं. आईला उगाच घाबरवू नकोस."

आई हसली. "काय चाललंय बापलेकींचं?" आणि पुन्हा घासावर वाकली. वाकलेलं माणूस पाल्याआडून कसं दिसतं, ते बसून बघितलंत तर कळेल. माणसासारखं दिसत नाही. शेळीएवढं दिसतं.

शरयूला त्या क्षणी एक गोष्ट कळली. ते तिघं इतका वेळ कानात कुजबुजत होते. उसातल्या जनावराला त्यातलं काय ऐकू गेलं असेल? काहीच नाही. दोन वर्षं या शिवारात माणूस मोठ्यानं बोललंच नव्हतं. गावाला बिबट्याची चाहूल लागत नव्हती, तशी बिबट्यालाही गावाची लागत नव्हती. त्याच्यासमोर होतं एक छोटं, वाकलेलं, मुकं काहीतरी.

तिनं छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली. "आई! उभी राहा! हात वर कर!"

आई ताडकन उभी राहिली, हातात विळा तसाच.

"उसाकडं तोंड कर! पळू नको! मागं मागं ये माझ्याकडं!"

आता आईच्या चेहऱ्यावरही भीती आली. ती एकेक पाऊल मागे टाकू लागली. ओरडणं थांबवायचं नाही एवढंच शरयूला कळत होतं. पण काय ओरडायचं ते सुचेना. तोंडात आला तो पाढा.

"एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न! एकोणतीस त्रिक, त्रिक, शहाऐंशी!"

"सत्त्याऐंशी गं!" आई मागे सरकता सरकता ओरडली. 

पाल्यात काहीतरी जड वळलं. दोघींनाही ते दिसलं नाही. शेंडे एका रेषेत हलत गेले आणि थांबले. आईची पाठ शरयूच्या पोटाला लागली. शरयूनं तिला घट्ट धरलं. समोरचे रातकिडे एकेक करून सुरू झाले. शांतता तिथून निघाली होती.

पण ती गेली कुठं?

"मी वाटेत आहे," उजव्या कानात वडील म्हणाले. शांत, स्वच्छ आवाज. "दोन मिनिटांत पोचतो."

ओढ्यापासून घासाच्या तुकड्यापर्यंत जवळची वाट एकच होती. ती उसामधून येत होती, हातभर रुंद.

"पप्पा, थांबा. आहात तिथंच थांबा. मोठ्यानं बोला."

"आता काय नवीन?"

"ते तुमच्याकडं वळलंय बहुतेक."

 शरयूला ती शांतता नेमकी कुठल्या बाजूला गेली ते समजणं भाग होतं, आणि एका कानानं ते होणार नव्हतं. डावीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित आधी पोचतो आणि उजव्याला किंचित नंतर. तो फरक पापणी लवण्याच्याही शंभर-दोनशे पट लहान असतो, पण त्यावरूनच मेंदू दिशा ओळखतो. त्यासाठी दोन्ही कान मोकळे हवेत. आणि दुसरी कर्णिका काढली की वडिलांशी असलेली तार तुटणार होती.

"पप्पा, मी दुसरीपण काढतेय. मग कानातलं ऐकू येणार नाही मला. तुम्हीपण काढा. ओरडून बोला."

"शरयू, काढू नको, संपर्क..."

तिनं काढली.

थोडा वेळ नुसता कोलाहल. मग उसाच्या पोटातून एक आवाज आला.

"शरयू! मला काही कळत नाही गं! सगळीकडनं आवाज येतोय!"

हा आवाज तिला ओळखूच आला नाही. घोगरा, चिरकलेला, कापरा. दोन वर्षं कर्णिका वडिलांच्या आवाजाच्या सुरकुत्या काढून तो तिच्या कानात घालत होती. आपले वडील घाबरू शकतात हे ती विसरूनच गेली होती. त्यांनी कर्णिका काढली होती, आणि पहिल्या दिवशी तिच्यावर कोसळली होती तीच भिंत आता त्यांच्यावर कोसळली होती. फक्त ते ओट्यावर नव्हते.

"मी सांगते!" ती ओरडली. "तुम्ही बोलत राहा!"

"काय बोलू?"

"काहीही! नाव सांगा तुमचं!"

"विलास!" उसातून आवाज आला. "विलास किसन डुंबरे! मुक्काम धामणवाडी! तालुका जुन्नर!"

एरवी हसू आलं असतं. शरयूनं डोकं स्थिर धरलं. वडिलांचा आवाज एका जागी. आणि त्याच्या या अंगाला, अगदी थोड्या अंतरावर, रातकिड्यांमधलं ते भोक. दोन्ही एकाच वाटेवर.

"पप्पा, पुढं येऊ नका! मागं सरका, ओढ्याकडं! पाठ फिरवू नका! पळू नका!"

"मागं सरकतोय! जिल्हा पुणे! मागं सरकतोय!"

"अजून! बोला!"

भोक हललं नाही. ते ऐकत होतं. आई शरयूचा हात इतका घट्ट धरून होती की तिची बोटं पांढरी पडली. वडिलांचा आवाज हळूहळू लांब गेला, ओढ्याच्या दगडांवर आला, मोकळा झाला. मग ती शांतताही वाटेवरून उठली आणि उसाच्या मधोमध जाऊन बसली.

ओढ्याकडून वळसा घालून वडील आले तेव्हा अंधारत होतं. त्यांनी दोघींना धरलं. टॉर्चचा उजेड पाटाच्या ओल्या मातीवर पडला. तिथं पंज्यांचे ठसे होते, वाटीएवढे. त्यांच्याभोवती दाटीवाटीनं उमटलेले दुसरे ठसे होते, रुपयाच्या नाण्याएवढे.

"पिल्लं आहेत," आई म्हणाली. "आई आहे ती."

विलासरावांनी त्याच पावली योजनेच्या कार्यालयाला फोन लावला. पलीकडचा माणूस अदबीनं म्हणाला, "साहेब, आमच्या पडद्यावर तुमच्याकडं काहीच दिसत नाही. सोमवारी बघू." आणि त्यांच्या उसाला तोड लागणार होती दुसऱ्याच दिवशी सकाळी.

सकाळी सात वाजता ट्रॅक्टर आला. मागून बीडकडून आलेली वीस माणसांची टोळी. बाया कोयते परजत होत्या. तान्ही मुलं उसाच्या सावलीत निजवायची म्हणून एकीनं अगदी कडेला जागा साफ करायला घेतली. मुकादम ज्ञानोबा घाईत होता.

"चला, लागा कामाला. गाडी दुपारपर्यंत भरली पाहिजे."

"मुकादम, जरा दम धरा," विलासराव म्हणाले.

"का? ते तुमचं यंत्र काय म्हणतंय?"

"यंत्र म्हणतंय काही नाही."

"मग झालं की!"

"माझी पोरगी ऐकतीये," विलासराव म्हणाले. त्यांचे दोन्ही कान मोकळे होते आणि डोळ्यांखाली रात्रभराचं जागरण. "ती सांगेल तोवर कुणी पाऊल टाकायचं नाही. मुलं उचला तिथनं आधी."

मुकादम हसणार होता. त्यानं विलासरावांचा चेहरा पाहिला आणि हसला नाही. ट्रॅक्टर बंद झाला. वीस माणसं बांधावर गप्प उभी राहिली. शरयू सगळ्यांच्या पुढे होती.

तिनं महामार्ग सोडला. पंप सोडला. मागच्या माणसांचे श्वास सोडले. सकाळची वेळ, रातकिडे झोपलेले. पण डावीकडच्या पाल्यात वटवट्यांची चिवचिव होती, उजवीकडे मुनियांचा थवा कुरबुरत होता. मधे, पलीकडच्या चिंचेच्या झाडाच्या रेषेत, एका खोलीएवढ्या जागेत एकही पक्षी नव्हता.

"तिथं आहे," तिनं बोट दाखवलं. "अजून तिथंच आहे. ओढ्याकडची बाजू मोकळी ठेवा. तिकडं कुणी उभं राहू नका."

माणसं मुकाट मागं सरली. ट्रॅक्टर लांब गेला. पलीकडची वाट मोकळी झाली. आता पुढे काय, म्हणून सगळे तिच्याकडे बघू लागले.  आई मागून म्हणाली, "शरयू, आता मागं ये."

ती मागं आली, आईच्या शेजारी उभी राहिली, आणि मग तिनं उसाकडे तोंड करून, शेजारच्या घरी जाताना अंगणातूनच सांगावं तसं, मोठ्यानं सांगितलं,

"अगं बाई, आम्ही आलोय. खूप जण आहोत. पोरांना घे आणि ओढ्याकडनं जा. आम्ही थांबतो."